स्प्रिंगची झोप

कुलूप हातात आलं की आमचे कुलूपवाले ते आधी कानाशी धरायचे. डोळे मिटायचे. डाव्या हाताचं एक बोट वर करायचे, म्हणजे समोरच्यानं गप्प राहायचं. मग अंगठ्यानं खटका दाबत म्हणायचे, "बोलते का पाहू."

ज्यांनी त्या काळातलं भंडारा पाहिलं आहे त्यांना पितळी भांड्यांच्या दुकानांमागची गल्ली आठवत असेल. सकाळपासून ठोके चालत. गुंड, गंज, परात, जे घडत असेल त्याचा आवाज वेगळा, आणि सगळे आवाज एकमेकांवर चढलेले. त्या गोंगाटात कुलपाच्या पोटातली स्प्रिंग ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांना ती ऐकू यायची. त्यांचा कान चुकल्याचं मी एकदाच ऐकलं, तेही त्यांच्याच तोंडून. त्याची मी आठ ओळींची बातमी केली होती.

मी नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. माझी खोली त्यांच्या दुकानाच्या वर होती, मध्ये फक्त सागाच्या फळ्या. दुपारी ठोकणारे जेवायला गेले की गल्ली पाण्यात बुडाल्यासारखी शांत व्हायची. माझ्या खिडकीतलं ऊन फळ्यांच्या फटींतून खाली उतरायचं आणि खालून जवसाच्या तेलाचा वास वर यायचा. मी लिहीत बसलेला असे. खाली ‘खट्’ व्हायचं. बऱ्याच वेळानं पुन्हा ‘खट्’. त्या दोन आवाजांच्या मध्ये मला कितीदा तरी डुलकी लागली आहे, आणि जाग आल्यावर मधे पाच मिनिटं गेली की तास गेला, हे सांगता आलेलं नाही.

लोखंडाला झोप येते, असं त्यांचं मत होतं. "तुमी हसू नका, पेपरवाले," ते मला म्हणाले होते. "स्प्रिंग दाबून ठेवली, महिनाभर दाबूनच ठेवली, त ते विसरते. मंग सोडली तरी उठत नाही. माणसाचंबी असंच आहे, पण माणसाचं मले काय कराचं?"

जुनी घड्याळं, छत्रीच्या काड्या, भंगारात आलेल्या करवतीची पाती यांतून ते पोलाद निवडत. पाती तापवून तेलात बुडवत, मग पुन्हा हळूहळू गरम करत आणि रंगाकडे बघत बसत. आधी वाळल्या गवताचा रंग येई, मग वांग्याचा, मग निळा. निळा आला की लगेच बाहेर. एका श्वासाचा उशीर झाला तर ते पातं ते बाजूला फेकत. "झोपलं हे," म्हणत.

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज यायचा. "अजी, जेवाले येता का त्या कुलपालेच भरवू दोन घास?"

"आलो."

"सकाळपासून येऊनच राहिले तुमी."

त्यांची चावी पितळीच असायची. डोक्याकडे अर्धगोल, घासून घासून पिवळीजर्द. गिऱ्हाइकाला दोन चाव्या सुतळीत ओवून द्यायचे आणि सांगायचे, "दोनच. तिसरी नाही. माझ्यापाशीबी नाही. म्हणा." गिऱ्हाइकाला ते म्हणून दाखवावं लागे. तहसिलीतल्या एका बाबूंना त्याचा राग आला होता. त्याच बाबूंनी पुढे चाव्या पेटीत ठेवून पेटी बंद केली आणि ती डोक्यावर घेऊन गल्लीत आले.

"बह्याड झाले का जी? चावी आत अन कुलूप बाहेर?"

ते भिंतीकडे तोंड करून बसले. खिशातून दोन पातळ पट्ट्या काढल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. क्षणभरानं पेटी उघडली. पट्ट्या पुन्हा खिशात गेल्या. बनवणाऱ्याला आपल्या कुलपातली फट माहीत असते, एवढंच ते म्हणाले.

आता त्या कुलपाचं सांगायला हवं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात करडीकडच्या एका गावात तलावाच्या पाण्यावरून मारामारी झाली. तलाव मालगुजारीच्या वेळचा. पाणी सोडायच्या दाराला तिकडे तुडुम म्हणतात. या तुडुमाचं चाक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका लोखंडी पेटीत होतं, आणि पेटीच्या झाकणाला कडी-कोयंडा आणि कुलूप. चावी वरच्या टोल्यात, म्हणजे वरच्या वस्तीत, पाटलांकडे. त्यांची माणसं आपल्या धानाच्या बांध्या भरल्या की चाक फिरवून पाणी बंद करत, किंवा झाकण उघडं टाकून जेवायला जात आणि पाणी वाट्टेल तिकडे वाहत राही. खालच्या टोल्यात बौद्धांची घरं होती. त्यांची शेतं पाण्याच्या शेवटच्या टोकाला. तिथवर पाणी पोचलं तर पोचलं. त्या वर्षी खालच्या टोल्यातल्या दोघांनी कुलूप तोडलं आणि काठ्या निघाल्या. मी बातमी दिली. जखमींची संख्या, पोलिसांचं म्हणणं, दोन्ही बाजूंचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाले पेपर घेऊन जिना चढून वर आले. आठ वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच.

"भांडण लिहिलं तुमी. कुलूप कोणतं होतं ते काहून नाही लिहिलं?"

मी म्हणालो, कुलपाला वाचक काय करणार?

"तोडलं कसं? कडीतून का कोयंड्यातून?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं माझ्या संपादकांनीही कधी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. त्यांनी तुटलेला कोयंडा पाहिला, झाकण पंचवीसेक वेळा उघडमीट केलं, आणि मग पाळीवर उकिडवे बसून राहिले. तलावात कमळाची पानं होती. पाण्यावर वारा नव्हता. समोरच्या काठावर कुणी तरी कपडे धूत होतं; हात वर गेलेला दिसायचा आणि आवाज नंतर यायचा.

"कुलूप उलटं आहे," ते म्हणाले. "पाणी बंद कराले कोनाचीच परवानगी नाही लागली पायजे. ज्याले दिसलं वाया जाते, त्यानं चाक फिरवून झाकण पाडावं. उघडाले मात्र दोघं लागले पायजे."

पुढले सात-आठ महिने त्यांनी तेच एक कुलूप केलं. बिजागरीवर हलणारी जाड कडी. कडीच्या टोकाला जीभ. झाकण पाडलं की जीभ कोयंड्यावरच्या पितळी डबीत शिरायची, आतला छोटा खटका तिच्या धक्क्यानं सुटायचा, आणि दोन बाजूंनी दोन दांडे येऊन तिला धरायचे. खट्. चावी लागत नसे. उघडायला डबीच्या दोन अंगांना दोन भोकं, दोन वेगळ्या चाव्या, दोन्ही एकाच वेळी फिरवायच्या. स्प्रिंग त्यांनी अशी बसवली होती की कुलूप उघडं असताना ती ताणलेली राही आणि बंद झालं की मोकळी. "बंद राहीन तवर ते आराम करते," ते सांगायचे. "उघडं ठेवलं त झोपते. तलावाचं कुलूप बंदच राहते, नाही का?" गाळाच्या बादलीत बुडवून ते कुलूप रोज तपासायचे. पाचव्या डबीपर्यंत गाळ आत जात होता. सहाव्या डबीला त्यांनी खालून भोक पाडलं. गाळ आपोआप निथळू लागला.

"माझं लुगडं धुवाले बादली देता का आता?" आतून आवाज आला.

कुलूप बसवायला मी गेलो होतो. वरच्या टोल्याचे पाटील आणि खालच्या टोल्यातले गुरुजी पाळीवर तीन हात अंतर ठेवून उभे होते. गुरुजी तिथल्या शाळेत शिकवत. मारामारीनंतर खालच्या टोल्यानं त्यांनाच बोलायला पुढे केलं होतं. दोघांना एकेक चावी मिळाली. पाटलांनी ती तिथल्या तिथे कमरेच्या करदोड्याला बांधली.

"दोन टोल्यायचं लगन लावून राहिले का जी?" पाटील म्हणाले. मागं कुणी तरी हसलं.

"नाही जी. कुलूप लावून राहिलो."

"अन मी नाही आलो त?"

"पाणी नाही."

"हा नाही आला त?"

"तरीबी पाणी नाही."

"मंग तिसरी चावी कोनाजवळ?"

"तिसरी नाही. माझ्यापाशीबी नाही. म्हणा."

पाटील काही म्हणाले नाहीत. गुरुजी मात्र हळूच म्हणाले, "तिसरी नाही."

ते वर्ष नीट गेलं. पाटील आणि गुरुजी आठवड्यातून दोनदा पाळीवर यायचे, चाव्या लावायचे, चाक फिरवायचे. बोलत असत की नाही, माहीत नाही. आजूबाजूच्या गावांत त्या कुलपाची चर्चा झाली. एका धान सोसायटीची माणसं दुकानात येऊन गेली. त्यांना गोदामांसाठी तशीच कुलपं हवी होती. त्या दिवशी कुलूपवाले आतून हाक यायच्या आधीच जेवायला गेले.

पुढच्या वर्षी पाऊस भादव्याआधीच गेला. धान पोटरीवर आलं होतं. लोंबी बाहेर पडायची तेव्हाच बांध्यांना भेगा पडू लागल्या. तलावात पाणी होतं. आणि पाटील पाळीवर यायचे बंद झाले. निरोप गेला, उत्तर आलं, "येत नाही." पुन्हा निरोप गेला. "नाही म्हणजे नाही." वरच्या टोल्याच्या काही बांध्या नाल्याला लागून होत्या, त्या तगून राहिल्या. खालच्या टोल्याचं सगळं धान त्या तुडुमावर होतं.

गुरुजी दोन माणसांना घेऊन दुकानात आले. मी जिन्यात उभा होतो.

"पाच-सहा दिवस आहेत आता," गुरुजी म्हणाले. "मंग पाणी देऊन उपेग नाही. सगळं पोचट निघन."

"चावी द्या," दुसरा म्हणाला.

"तिसरी नाही."

"मंग तोडतो आमी. मागच्यासारखं."

"तोडा. पुन्हा डोस्की फुटन."

"त तुमीच उघडा. तुमाले येते, सारं भंडारा सांगते."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "मी उघडलं," ते म्हणाले, "त दोन चाव्या कायले दिल्या? उद्या पाटील म्हणन मलेबी उघडून दे. एक दिवस द्या मले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही गेलो. ते एकटेच पाटलांच्या घरी गेले. मी पाळीवर थांबलो. ऊन चढत होतं. तलावाचं पाणी इतकं स्थिर होतं की बगळा उडाला तेव्हा कोणता खरा आणि कोणता पाण्यातला, हे कळायला मला वेळ लागला. खालच्या टोल्यातले लोक एकेक करून जमले. गुरुजी चावी मुठीत धरून होते.

ते तासाभरानं आले. मागं पाटील होते, बरेच मागं. कुलूपवाले सरळ झाकणापाशी गेले, कुलपाला कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"पाटलानं चावी मले देल्ली. हे पाहा." त्यांनी मूठ उघडून दाखवली आणि मिटली. "पाटलानं लावून पाहिली होती. लागत नाही. गुरुजीचीबी लागणार नाही. स्प्रिंग झोपली. गलती पाटलाची नाही, गलती माही आहे. कुलूप खराब निघालं."

गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "म्हणजे कारागीरच कच्चा!"

"हो जी," ते म्हणाले.

ते पाठ करून बसले. झाकण उघडलं. चाक फिरलं आणि पाणी आधी पाळीच्या पोटात घुमलं, मग बाहेर आलं. लोक पाण्याच्या पुढे पुढे पळाले. कुणाचं कुलपाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी स्क्रू काढले, कडी-कोयंड्यासकट ते पिशवीत टाकलं. गुरुजींनी आपली चावीही त्यात टाकली.

मी बातमी दिली. ‘कुलूप निकामी, पिकाला पाणी मिळण्यास विलंब.’ आठ ओळी. कारागिरानं दोष कबूल केल्याचं त्यात होतं. प्रत्येक शब्द घडलेलाच होता.

पण एक गोष्ट मी पाहिली आणि लिहिली नाही. त्यांनी मूठ उघडली तेव्हा मी दहा पावलांवर होतो. आतली चावी काळी होती. लोखंडी. मी ते पाहिलं, मला ते विचित्र वाटलं, आणि तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. विचारायचा प्रश्न एकच होता, ती चावी दाखवता का?

सोसायटीची माणसं कात्रण घेऊन आली. ते म्हणाले, "बातमी खरी आहे. चावीबिगर उघडलं ना ते." माणसं गेली. मग ते पेटीचे कोंडे, सुटकेसचे खटके आणि कपाटांच्या बिजागऱ्या दुरुस्त करत राहिले. मला त्यांनी त्या बातमीबद्दल कधी काही म्हटलं नाही. जिन्यात भेटले की "का जी पेपरवाले, काय नवीन?" एवढंच. ते कुलूप मात्र दुकानातल्या वरच्या फळीवर बंद करून ठेवलेलं होतं. पत्नीनं एकदा ते मोडीत काढायचं विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. बंदच राहू दे त्याले."

तलावावर मग बाजारातलं साधं कुलूप लागलं. त्याची चावी गुरुजींकडे असावी, असं पाटलांनीच सांगितलं. मला हे कळलं तेव्हा नवल वाटलं होतं. त्याचीही मी बातमी केली नाही.

एका हिवाळ्यात ते गेले. तीन दिवसांचा ताप. त्यानंतर त्यांच्या पत्नी रोज दुपारी दुकान उघडून बसायच्या. दुरुस्तीला टाकलेल्या वस्तू लोक ओळखून घेऊन जात. कपाट हळूहळू रिकामं होत होतं. त्या उन्हाळ्यात एक दिवस पाटील आले. मी वरून त्यांचा आवाज ओळखला आणि खाली गेलो.

पाटील वाकले होते. त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक चावी काढली. पितळी, हिरवट पडलेली, दात्यांत वाळलेला गाळ. तलाव आटला, ढिवरांना मासे धरताना चिखलात ती सापडली, असं त्यांनी सांगितलं.

"आंगोळीले उतरलो होतो," पाटील म्हणाले. ते त्या बाईंकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. "करदोडा तुटला. दोन दिवस बुड्या मारल्या, नाही भेटली. आता खालच्या टोल्याले काय सांगू? गुरुजीनं चावी सांभाळली अन पाटलानं हरवली? नाही म्हणणं सोपं होतं. मी नाही म्हणलो."

"मंग?" बाईंनी विचारलं.

"मंग हे आले. माझा हात घडी घडी कमरेले जाऊन राहिला होता. यायनं पाहिलं. काहीच नाही विचारलं. पाणी मागितलं, प्याले. अन म्हणे, पाटील, माही स्प्रिंग झोपली वाट्टे."

गल्लीत ठोके चालू होते.

बाईंनी स्टुलावर चढून कुलूप खाली काढलं. गुरुजींची चावी सुतळीनं त्यालाच बांधलेली होती. त्यांनी पाटलांची चावी पदरानं पुसली, दाते नखानं कोरले, जवसाच्या तेलाचं बोट लावलं. एक चावी त्यांनी धरली, एक पाटलांनी. दोन्ही फिरल्या. कडी उघडली. इतकी वर्षं बंद होतं.

मग त्यांनी ते कानाशी धरलं. नवऱ्याला आयुष्यभर या गोष्टीवरून बोलणाऱ्या त्या बाईंनी डोळे मिटले आणि डाव्या हाताचं एक बोट वर केलं. पाटील गप्प झाले. मीही. त्यांनी अंगठ्यानं कडी पाडली.

मला ठोक्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. पाटलांनी हात पुढे करून कडी ओढून पाहिली. ती हलली नाही.

"जागीच होती," बाई म्हणाल्या, आणि ते तसंच बंद कुलूप त्यांनी पुन्हा वरच्या फळीवर ठेवलं.